भारताचे पहिले लॅटिन महागुरुस्वामी जॉर्डानस कातालानी : जीवन व लेखन

नांदेडहून किंवा लातूरहून मुंबईला जाणारी रात्रीची गाडी पहाटे ठाण्याला थांबते. शिक्षणासाठी, नोकरीसाठी, घरातील एखाद्याच्या आजारपणासाठी आपल्यापैकी कितीतरी जण त्या स्थानकावर उतरले आहेत. खाडी तेथून फार लांब नाही. इ. स. १३२१ मध्ये इराणच्या आखातातील होर्मुझ बंदराहून निघालेले एक जहाज याच किनाऱ्याला लागले आणि त्यातून पाच परदेशी व्रतस्थ खाली उतरले. त्यांना खरे तर केरळातील कोल्लमला जायचे होते. पण जहाजाने त्यांना ठाण्यात आणून सोडले. पाचांपैकी चौघांना थोड्याच काळात याच भूमीवर मरण आले. पाचवे त्या वेळी गावात नव्हते, म्हणून वाचले. आपल्या या देशासाठी नेमले गेलेले पहिले लॅटिन महागुरुस्वामी पुढे तेच झाले. त्यांचे नाव जॉर्डानस कातालानी.

आपल्या धर्मग्रामांतून प्रेषित संत थॉमस, संत फ्रान्सिस झेवियर, वसईचे संत गोन्सालो गार्सिया यांची नावे आबालवृद्धांना ठाऊक असतात. जॉर्डानस यांचे नाव मात्र क्वचितच कोणाच्या ओठी येते. झेवियर भारतात आले ते १५४२ मध्ये, म्हणजे जॉर्डानस यांच्यानंतर तब्बल २२१ वर्षांनी. आपला औरंगाबाद धर्मप्रांत तर १९७७ चा. तरीही महाराष्ट्राच्या मातीत वावरलेल्या, येथील ख्रिस्ती जीवनाविषयी स्वतःच्या हाताने लिहून ठेवणाऱ्या पहिल्या लॅटिन धर्मगुरूंपैकी ते एक होते, हे आपण लक्षात घेतले पाहिजे.

जॉर्डानस हे दक्षिण फ्रान्समधील सेवेराक या गावचे. संत डोमिनिक यांनी स्थापन केलेल्या उपदेशक संघात त्यांनी व्रते घेतली. त्यांचे बालपण व शिक्षण यांविषयी सांगण्यासारखे काही मागे उरलेले नाही. त्या काळी इराणवर मंगोलांचे राज्य होते आणि तब्रीझ शहरात जिनोवा व व्हेनिसच्या व्यापाऱ्यांच्या पेढ्या होत्या. त्यांच्या पाठोपाठ डोमिनिकन व फ्रान्सिस्कन व्रतबंधूंनीही तेथे आपले मठ उभारले. ख्रिस्तासाठी प्रवास करणाऱ्या डोमिनिकन बंधूंची तर एक स्वतंत्र शाखाच होती. जॉर्डानस तेथे फारसी शिकले, आणि तेच ज्ञान पुढे त्यांच्या जगण्याला कारण झाले.

ठाण्यात त्यांच्यासोबत उतरलेले चौघे फ्रान्सिस्कन होते: इटलीतील तोलेन्तिनोचे थॉमस, पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर आणि जॉर्जियातील तिफ्लिसचे देमेत्रियुस. देमेत्रियुस यांना पूर्वेकडील भाषा अवगत होत्या. पुढे काही काळाने याच वाटेने गेलेले फ्रान्सिस्कन प्रवासी ओदोरिक यांनी लिहून ठेवले आहे, की ठाण्यात त्या वेळी नेस्तोरियन ख्रिस्ती लोकांची पंधरा घरे होती. त्यांतल्याच एका घरात या पाहुण्यांना आसरा मिळाला. हे नेस्तोरियन लोक रोमच्या ख्रिस्तसभेशी एकरूप नव्हते. जॉर्डानस यांच्या पत्रांत त्यांच्याविषयी बरीच कडवट वाक्ये आहेत. परंतु परक्या मुलखात दार उघडले ते त्यांनीच, ही गोष्ट त्या वाक्यांच्या भरात विसरता येत नाही.

ठाण्याजवळच्या सोपारा गावात आणि गुजरातेतील भडोच येथेही काही ख्रिस्ती लोक राहत असल्याचे पाहुण्यांना कळले. ते नावापुरते ख्रिस्ती होते. त्यांना स्नानसंस्कार मिळाला नव्हता आणि श्रद्धेचे शिक्षणही नव्हते. त्यांच्याकडे कोणी जायचे असा प्रश्न निघाला तेव्हा, फारसी उत्तम येते म्हणून, जॉर्डानस यांना पाठवण्याचे ठरले. ते निघाले आणि सोपाऱ्याला काही दिवस थांबून लोकांना स्नानसंस्कार देऊ लागले.

इकडे ठाण्यात एक घरगुती भांडण झाले. ओदोरिक यांचा वृत्तान्त असा, की यजमानाने आपल्या पत्नीला मारहाण केली. ती काझीकडे दाद मागायला गेली. पुरावा काय, असे काझीने विचारताच तिने घरी उतरलेल्या परदेशी साधूंचे नाव सांगितले. पीटर सामानापाशी घरीच थांबले आणि बाकीचे तिघे साक्षीला गेले. तेथे भांडणाचा विषय बाजूला राहिला आणि धर्मचर्चा सुरू झाली. प्रभू येशू ख्रिस्ताच्या ईश्वरत्वाबद्दल प्रश्न झाले. मग इस्लामच्या प्रेषितांविषयी त्यांचे मत विचारण्यात आले. थॉमस यांनी दिलेले उत्तर जमलेल्या लोकांना निंदेचे वाटले आणि वातावरण पेटले. तिघांना दिवसभर रखरखत्या उन्हात बांधून ठेवण्यात आले. नंतर जेम्स यांना आगीत ढकलले. पण ते न भाजता बाहेर आले, अशी कथा ओदोरिक यांनी नोंदवली आहे. शहराच्या मलिकाने त्यांना गुपचूप खाडीपलीकडे पाठवून दिले. मात्र काझीच्या आग्रहापुढे त्याचे काही चालले नाही. रात्री हत्यारबंद माणसे गेली आणि तिघांचा शिरच्छेद झाला. तो झावळ्यांच्या रविवारापूर्वीचा गुरुवार होता, ९ एप्रिल १३२१. घरी राहिलेल्या पीटर यांना दोन दिवसांनी, शनिवारी, हाल करून मारण्यात आले.

हा सारा वृत्तान्त ख्रिस्ती लेखकांच्या लेखणीतून आपल्यापर्यंत आलेला आहे, दुसऱ्या बाजूचे म्हणणे कोणी लिहून ठेवलेले नाही. वाचकांनी ते ध्यानात ठेवावे. त्याच ओदोरिक यांनी आणखी एक गोष्ट लिहिली आहे. निरपराध माणसांना मारल्याबद्दल दिल्लीच्या बादशहाने त्या मलिकालाच बोलावून देहदंड दिला. तेव्हा दिल्लीच्या तख्तावर गियासुद्दीन तुघलक होता.

सोबत्यांना पकडल्याचे ऐकून जॉर्डानस परत फिरले. ते पोहोचले तेव्हा सर्व संपले होते. ठाण्यात भेटलेल्या जिनोवाच्या एका तरुणाने त्यांना मदत केली. दोघांनी मिळून ते देह सोपाऱ्याला नेले आणि तेथील संत थॉमस यांच्या नावाच्या चर्चमध्ये पुरले. मोठा उपवासकाळ संपून पुनरुत्थानाचा सण तोंडावर आला होता, त्या दिवसांतले हे दफन.

येथून पुढची सुमारे अडीच वर्षे जॉर्डानस या किनाऱ्यावर एकटे होते. सोबतीला दुसरा धर्मगुरू नाही. कोणाजवळ पापनिवेदन करण्याची सोय नाही. आपल्या भाषेत बोलायला कोणी असलेच तर एखादा व्यापारी. ज्या दूरच्या खेड्यात धर्मगुरू महिन्या-दोन महिन्यांतून एकदाच पोहोचतात, तेथील श्रद्धावंतांना या एकटेपणाची थोडीफार कल्पना येईल. येथे तर खुद्द धर्मगुरूच असा एकटा पडला होता.

त्यांची दोन पत्रे आज उपलब्ध आहेत. पहिले पत्र गुजरातेतील घोघा बंदरातून, १२ ऑक्टोबर १३२१ रोजी, इराणमधील डोमिनिकन व फ्रान्सिस्कन बंधूंना लिहिलेले आहे. त्यात चौघांच्या मृत्यूची हकीकत आहे आणि कामाचा हिशेबही आहे. भडोचमध्ये सुमारे ९० जणांना, त्यानंतर आणखी वीसेक जणांना आणि ठाणे ते सोपारा या टापूत ३५ जणांना स्नानसंस्कार दिल्याचे ते कळवतात. नवे बंधू आले तर त्यांनी कोठे राहावे, याचीही त्यांनी सोय सुचवली आहे: सोपारा, भडोच आणि कोल्लम. चार जिवलगांना मूठमाती देऊन सहा महिने झालेला माणूस पुढच्यांसाठी जागा शोधत होता. मला स्वतःला हे पत्र त्यांच्या पुढे आलेल्या ग्रंथापेक्षाही मोठे वाटते.

दुसरे पत्र ठाण्यातून, जानेवारी १३२४ मध्ये लिहिलेले आहे. त्याचा सूर अगदी वेगळा आहे. मधल्या काळात चाच्यांनी त्यांना पकडले, तुरुंगात टाकण्यात आले, खोटे आरोप झाले, शिव्याशाप मिळाले. संघाचा झगाही उरला नव्हता. अंगातल्या सदऱ्यावर ते हिंडत होते. भूक, तहान, ऊन, आजारपण यांची ते यादीच देतात. नावाच्या ख्रिस्ती लोकांनीही छळल्याचे सांगतात. सोबत्यांबरोबर आपल्यालाही मरण आले नाही याची खंत तर त्यांनी आयुष्यभर बाळगली; पुढे लिहिलेल्या ग्रंथातही ती पुन्हा उमटली आहे. तरीही याच पत्रात ते आणखी बंधू पाठवा म्हणून विनवतात, इथिओपियाकडे जाणारा मार्ग मोकळा असल्याचे कळवतात आणि पोप महाशयांनी या समुद्रात दोन गलबते ठेवली तर इजिप्तच्या सुलतानाला चांगलाच शह बसेल, असाही सल्ला देतात. हा शेवटचा सल्ला आजच्या वाचकाला खटकेल. धर्मप्रसार आणि आरमार यांची सांगड त्या काळच्या युरोपीय मनाला अवघड वाटत नसे. पुढे पोर्तुगीज आले तेव्हा त्या सांगडीतून काय निघाले, ते गोव्याच्या व वसईच्या इतिहासात आपण वाचतोच.

त्याच वर्षांत मराठवाड्यावर काय गुजरत होते, तेही पाहू. १३१८ मध्ये देवगिरीच्या यादवांचे राज्य कायमचे बुडाले होते. १३२३ मध्ये दिल्लीचा युवराज उलुघ खान, म्हणजेच पुढचा महंमद तुघलक, वरंगळवर चालून गेला आणि त्या मोहिमेत त्याने बिदर व बोधन ही ठाणी घेतली. बिदर उदगीरच्या शेजारचे, तर बोधन बिलोलीच्या पलीकडचे. फौजांच्या पायाखाली आपला मुलूख तुडवला जात होता, तेव्हा पश्चिमेला ठाण्यात हा अनवाणी माणूस पत्र लिहीत बसला होता. त्याला आपली आणि आपल्याला त्याची काहीच खबर नव्हती.

१३२८ च्या सुमारास जॉर्डानस युरोपात परतले. पोप त्या काळी रोममध्ये नव्हे, तर फ्रान्समधील अविन्यो येथे राहत असत. याच सुमारास त्यांनी लॅटिन भाषेत एक छोटा ग्रंथ लिहिला. पूर्वेकडील आश्चर्यांचे वर्णन असा त्याचा विषय आहे. आर्मेनिया, इराण, धाकटी इंडिया, थोरली इंडिया, आफ्रिकेचा किनारा, अरबस्तान अशी एकेक मुलखाची माहिती त्यात येते. त्याचे एकच जुने हस्तलिखित टिकले. ते १८३९ मध्ये पॅरिसला छापले गेले आणि १८६३ मध्ये हेन्री यूल यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर लंडनमध्ये प्रसिद्ध केले.

मराठी माणसाने हा ग्रंथ वाचायला घेतला, तर त्याला जागोजागी ओळखीच्या गोष्टी भेटतात. आंब्याची चव सांगायला त्यांना शब्द सापडत नाहीत. आणि त्या फळाचे नाव ते जवळजवळ आपल्याच उच्चाराने देतात. एका फणसात पाच माणसांचे पोट भरते, असे ते म्हणतात. नारळाला नारगिल आणि ताडीला तारी हेच शब्द त्यांनी वापरले आहेत. पारंब्यांनी पसरत जाणारा वड, वर्षातून सुमारे तीन महिनेच पडणारा पाऊस, दिवसा झाडावर फळासारखी उलटी लटकणारी आणि सूर्य मावळला की उडणारी घारीएवढी वटवाघळे, हे सर्व त्यांनी डोळसपणे टिपले आहे. मिरीच्या वेलाखाली जाळ केल्यामुळे मिरी काळी होते, अशी युरोपात समजूत होती. ती खोटी असल्याचे त्यांनी ठणकावून सांगितले. अग्नीची पूजा करणारे आणि मृतदेह छप्पर नसलेल्या बुरुजात पक्ष्यांसाठी ठेवणारे लोक, म्हणजे आपले पारशी बांधव, त्यांच्या नोंदीत आहेत. मलबारात वारसा मुलाकडे न जाता बहिणीच्या मुलाकडे जातो, हेही त्यांनी लिहिले आहे. आफ्रिकेकडच्या मुलखाविषयी लिहिताना मात्र अजस्र पक्षी आणि अजगर येतात. पण तेथे आपण स्वतः गेलो नव्हतो, विश्वासू माणसांकडून ऐकले, अशी कबुलीही ते देतात. त्या काळच्या किती प्रवासवर्णनांत ही कबुली आढळते?

येथील लोक खाण्यापिण्यात स्वच्छ, बोलण्यात खरे आणि न्यायाने वागणारे आहेत, असे त्यांचे मत होते. पतीच्या चितेवर जाणाऱ्या स्त्रिया त्यांनी पाहिल्या. दुंब्री नावाच्या एका जमातीविषयी एक छोटी नोंद आहे: हे लोक मेलेल्या जनावरांचे मांस खातात, इतरांची हलकी कामे करतात, ओझी वाहतात आणि त्यांना कसलेच दैवत नाही. हे नाव डोंब या शब्दाशी मिळतेजुळते आहे. आपल्यापैकी पुष्कळांच्या आजा-पणज्यांनी गावकुसाबाहेर जे सोसले, त्याचेच हे सातशे वर्षांपूर्वीचे दोन ओळींचे चित्र म्हणता येईल. ओझे आणि मांस त्यांना दिसले. दैवत नाही, ही मात्र त्यांची चूक असावी. वेशीबाहेरच्या त्या वस्तीत बसून कोणी त्यांच्याशी चार शब्द बोलले असते, तर तेथली गाणी आणि देव्हारेही त्यांच्या कानी आले असते. जॉर्डानस थांबले नाहीत, की त्यांना कोणी थांबू दिले नाही, ते सांगता येत नाही.

ख्रिस्ती कार्याविषयी त्यांनी दिलेली माहिती मोलाची आहे. इकडे आपण सुमारे ३०० जणांना श्रद्धेत आणले, असे ते सांगतात. मूर्तिपूजक समाजात शुभवर्तमान निर्धास्तपणे सांगता येते आणि कोणाला स्नानसंस्कार घ्यायचा असेल तर आडकाठी होत नाही, असा त्यांचा अनुभव होता. चांगले दोन-तीनशे व्रतबंधू आले, तर दरवर्षी दहा हजारांहून अधिक लोक श्रद्धा स्वीकारतील, असाही अंदाज त्यांनी केला. तो फारच आशावादी होता. ग्रंथाच्या शेवटाकडे मात्र, आपल्या ख्रिस्ती देशांसारखी सुंदर भूमी, तसे अन्न आणि तशी माणसे जगात कोठेच नाहीत, असे ते लिहून जातात. आंब्याची एवढी स्तुती करणाऱ्याच्या लेखणीतून हे वाचताना हसू येते. घराची ओढ होती, एवढेच.

९ ऑगस्ट १३२९ रोजी पोप जॉन बाविसावे यांनी कोल्लम धर्मप्रांताची स्थापना केली. भारतातील हा पहिला लॅटिन धर्मप्रांत. इराणमधील सुलतानिया येथील महाधर्मप्रांताच्या अखत्यारीत तो ठेवण्यात आला. २१ ऑगस्ट रोजी जॉर्डानस यांची तेथील महागुरुस्वामी म्हणून नियुक्ती झाली. ज्या तीन जागा त्यांनी घोघ्याहून सुचवल्या होत्या, त्यांतलीच एक त्यांच्या वाट्याला आली. सुलतानियाचे नवे महाधर्माध्यक्ष जॉन यांच्यासाठी पालियम, म्हणजे महाधर्माध्यक्षपदाचे वस्त्रचिन्ह, नेण्याचे काम त्यांच्याकडे सोपवण्यात आले. कोल्लमच्या ख्रिस्ती लोकांच्या प्रमुखासाठी पोप महाशयांचे पत्रही होते. नव्या महागुरूंना आपले मानावे, असा त्याचा आशय होता. तुरुंगात राहिलेला, चाच्यांच्या तावडीत सापडलेला माणूस दुसऱ्यांदा त्याच वाटेला लागला. या वेळी तेथे काय वाढून ठेवलेले असू शकते, याची त्यांना पुरेपूर कल्पना होती.

१३३० नंतर समकालीन कागदपत्रे त्यांच्याविषयी अबोल होतात. आपल्याकडील परंपरा अशी, की १३३६ च्या सुमारास ठाणे-मुंबईच्या परिसरात दगडांचा मारा करून त्यांना ठार करण्यात आले. याच परंपरेमुळे त्यांची गणना हुतात्म्यांत केली जाते. १३४८ च्या सुमारास पोपचे दूत जोवान्नी दे मारिन्योली कोल्लमला उतरले, तेव्हा तेथे संत जॉर्ज यांच्या नावाचे लॅटिन चर्च उभे होते. त्या चर्चमध्ये त्यांनी वर्षभराहून अधिक काळ उपदेश केला; जॉर्डानस यांचे नाव मात्र त्यांच्या आठवणींत नाही. पुढे कोल्लमचा धर्मप्रांत काळाच्या ओघात लोपला आणि १८८६ मध्ये तो पुन्हा उभा राहिला.

सोपाऱ्याच्या चर्चमध्ये पुरलेल्या अस्थीही तेथे राहिल्या नाहीत. ओदोरिक यांनी त्या उकरून, वस्त्रात गुंडाळून, चीनमधील झैतून बंदरापर्यंत नेल्या. वाटेत वारा पडला तेव्हा त्यांतली एक अस्थी समुद्रात टाकताच वारा सुटला, असे ते सांगतात. तोलेन्तिनोचे थॉमस यांना १८९४ मध्ये पोप लिओ तेरावे यांनी धन्य म्हणून मान्यता दिली आणि ९ एप्रिल हा त्यांचा दिवस मानला जातो. ज्यांनी त्यांना पुरले, त्या महागुरुस्वामी जॉर्डानस यांची कबर कोठेही नाही. त्यांची उरली आहेत ती दोन पत्रे आणि एक छोटा ग्रंथ.